साडेसाती शनीची कीं बाजाराची?



गेल्या जूनांत शाळा उघडली त्या दिवशीं आमच्या गांवची एक आजीबाई नातवाला कडेवर घेऊन माझ्यापुढें येऊन उभी राहिली. नातू सहा वर्षांचा. एवढें मोठें पोर कडेवर कां, असें मीं विचारतांच ती म्हणाली, "गुरुजी, हाऊ पोऱ्या पयस नही, पडी जास." पोरगा पळत नाहीं, पडतो! अडीच वर्षांचा होईपर्यंत तो चाललाच नव्हता. गल्लींतलीं पोरें त्याला 'शन्या' म्हणून हांक मारतात. कारण पोथीपंचांगावर पोट भरणाऱ्या एका गृहस्थानें त्याच्या जन्मवेळेवर शनीची दृष्टि काढून ठेवली होती, आणि त्या दृष्टीच्या शांतीसाठीं पोराच्या बापानें कांद्याच्या दोन पट्ट्यांचे पैसे त्या गृहस्थाच्या पदरांत टाकले होते. पैसे गेले. शनि गेला कीं राहिला तें आकाशाकडे पाहणाऱ्यांस ठाऊक. पोर मात्र होतें तेथेंच बसून होतें.

दुसऱ्याला नांवें ठेवण्यापूर्वीं माझी स्वतःची लाज उघडी करतों. मीहि त्या पोराला पहिल्या आठ दिवसांतच शेवटच्या रांगेंत बसविलें. त्याच्या हातांत पेन्सिल ठरेना, 'ग' काढायला सांगितला तर पाटीभर किडे काढी, सदऱ्याची गुंडी त्याची त्याला लागत नव्हती. मीं मनांत म्हटलें, हें पोर ढ आहे, याच्यावर वेळ घालविण्यांत अर्थ नाहीं. पंचांगवाल्यानें शनि म्हटलें, मीं ढ म्हटलें. त्यानें दोन पट्ट्या घेतल्या, मी दर महिन्याला सरकारचा पगार घेतों. आमच्या दोघांत फरक तो किती?

पुढें चौकशी केली तेव्हां हकीकत कळली ती अशी. पोरगा 2019 च्या पावसाळ्यांत जन्मला. बाप मालेगांवांत यंत्रमागावर कामाला जाई, आणि घरचें दीड एकर कोरडवाहू. पोराला नीट बसतां येऊं लागतें न लागतें तोंच 2020 च्या मार्चांत टाळेबंदी आली. माग बंद झाले, मालेगांव शहराचें नांव तर त्या उन्हाळ्यांत साथीमुळें देशभर गाजलें. अंगणवाडीचें दार बंद. घरांतलें दूध बंद. पुढें कामें सुरूं झालीं तेव्हां आई मिळेल त्या टोळीबरोबर कांदे लावायला, निंदायला, खांडायला जाऊं लागली. काम उक्तें; जेवढे वाफे उरकतील तेवढा पैसा. पोराला बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तींत टाकायचें. खालीं सोडावें तर काटा, विंचू, आणि पलीकडे कठडा नसलेली विहीर. सकाळीं आठपासून संध्याकाळीं पांचपर्यंत पोर झोळींत. रडलें तर थोरली बहीण झोका देई. तिचें वय तेव्हां सात. घरीं आल्यावर आईला चूल आणि पाणी. बाप रात्रीं येई तों पोर झोंपलेलें असे. असें वर्ष दीड वर्ष गेलें. रांगण्याला जमीन लागते, ती त्या पोराच्या वांट्याला आलीच नाहीं.

शाळेंत तपासणीचें पथक आलें तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं त्याच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली, ती पांढरी फटक. रक्त तपासलें, तें कमी. पाय शाबूत, पाठीचा कणा शाबूत, नसा शाबूत. शनि त्यांना कोठें आढळला नाहीं!

ही एका पोराची कहाणी असती तर मी पत्राचे रकाने अडविले नसते. पण माझ्या वर्गांत दर वर्षीं अशीं पोरें येतात आणि दर वर्षीं त्यांच्यावर दोन शिक्के तयार असतात. एक शिक्का देवळाच्या ओट्यावरचा: नशीब, ग्रह, मागल्या जन्मींचें पाप. दुसरा शिक्का शिकल्यासवरल्या लोकांचा, आणि तो पहिल्याहून विषारी. एकदां एका सुशिक्षित गृहस्थानें मला ऐकविलें, "मास्तर, या लोकांचें बीजच जड. कितीहि करा, यांचीं पोरें अशींच." हे गृहस्थ कांद्याचा व्यापार करतात. मीं त्यांना विचारलें, "शेट, एकाच पुडींतलें बीं काळ्या जमिनींत टाकलें आणि मुरमाड माळावर टाकलें, एकाला पाणी दिलें आणि एकाला दिलें नाहीं, तर माळावरचा कांदा गोळीएवढा राहिला म्हणून बियाणाच्या दुकानदारावर फिर्याद कराल काय?" त्यांनीं विषय बदलला.

बीजाची गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें 2006 सालीं पांच देशांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत नॉर्वे व अमेरिका होते, ओमान व घाना होते, आणि आपला भारतहि होता. ज्या घरांत बाळ नीट पोसलेलें आहे अशींच घरें निवडलीं होतीं. तेव्हां काय दिसलें? आधार न घेतां बसणें साधारण चार महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत, आणि एकट्यानें चालणें आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत, केव्हांहि येतें. एवढा मोठा पल्ला निरोगी मुलांतच आहे. म्हणून शेजारणीचें पोर दहाव्या महिन्यांत चाललें आणि आपलें चौदाव्यांत, एवढ्यावर कोणा आईनें घाबरून देवऋष्याकडे धांवूं नये. पण त्या पाहणीचा मोठा बोध हा कीं, पोटाला मिळालें व घर धड असलें तर सगळ्या रंगांचीं बाळें त्याच पल्ल्यांत उभीं राहतात आणि चालतात. गोऱ्याचें बाळ आधीं उठलें आणि काळ्याचें मागें राहिलें, असें कांहीं दिसलें नाहीं. मग मालेगांवच्या मोमीन विणकराचें, दाभाडीच्या कुणब्याचें, झोडग्याच्या माळावरल्या भिल्लाचें बीज तेवढें जड कोठून आलें?

उलट बाजूहि जगानें पाहिली आहे. इराण देशांत तेहरान येथील अनाथालयांची हकीकत वेन डेनिस नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1960 सालीं छापली. दोन आश्रमांत बाळें दिवसचे दिवस पाळण्यांत उताणीं पडून असत. कोणी पालथें घालीत नसे, कोणी टेकूं देऊन बसवीत नसे, हातांत खेळणें नसे. पोट भरत होतें, कपडा होता; तरी दोन वर्षांचीं होऊनहि त्यांतलीं बहुतेक बाळें चालत नव्हतीं. त्याच शहरांत तिसरा आश्रम होता. तेथेंहि तसलींच अनाथ बाळें. पण तेथल्या दाया त्यांना मांडीवर घेऊन दूध पाजीत, पालथीं घालीत, टेकवून बसवीत, खेळायला देत. तेथलीं त्याच वयाचीं बहुतेक बाळें चालत होतीं. आतां सांगा, शनि काय दोनच आश्रमांच्या छपरावर बसला होता?

येथें कोणी म्हणेल कीं मास्तर झोळीवर उठला आहे. तसें नाहीं. झोळी ही गरिबाची दाई आहे. ती नसती तर बाभळीखालीं किती बाळें मुंग्यांनीं फोडून काढलीं असतीं. याच डेनिसानें व त्याच्या बायकोनें 1940 सालीं होपी नांवाच्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयीं लिहिलें आहे. तीं माणसें तान्ह्या बाळाला फळीला बांधून ठेवीत, तरी तीं बाळें न बांधलेल्यांबरोबरच चालूं लागत. कारण बाळ थोडें मोठें झालें कीं फळी सुटे, आणि पुढें त्याला सबंध घर, अंगण व माणसें मिळत. आमच्या पोराला झोळी सुटल्यावर काय मिळतें? रात्र मिळते.

आफ्रिकेंत केनिया देशांतले किप्सिगिस नांवाचे शेतकरी व गुराखी लोक बाळाला बसायला शिकविण्यासाठीं जमिनींत लहानसा खळगा करतात, त्यांत बाळाला बसवून भोंवतीं कपडा कोंबतात. चालायलाहि ते मुद्दाम शिकवितात. त्यांचीं बाळें पाश्चात्य बाळांपेक्षां बसायला व चालायला लौकर लागतात, असें 1976 सालीं चार्ल्स सुपर या संशोधकानें दाखविलें. आणि जें ते शिकवीत नाहींत त्यांत तीं बाळें पुढें नव्हतीं. खळगा करायला पैसा लागत नाहीं. पण भर दुपारीं अर्धा तास त्या खळग्याशेजारीं बसायला माणूस लागतें, आणि आमच्या घरांत त्या माणसाचा तो अर्धा तास आधींच विकला गेलेला आहे. सगळी मेख येथें आहे.

घरांत पैसा कमी म्हणून पोराचा पाय मागें राहतो, एवढें म्हणून भागत नाहीं. नोट पोराच्या पायाला बांधली म्हणून पोर चालत नाहीं. 2005 च्या सुमारास पोर्तुगाल व अमेरिका येथील कांहीं शिक्षकांनीं घराची एक झडतीच तयार केली: पोराला लोळायला मोकळी जागा किती, चढायला पायरी आहे कां, वेगवेगळ्या तऱ्हेची जमीन पायाखालीं येते कां, हाताला खेळणीं काय मिळतात, घरांतलें कोणी मोठें माणूस त्याच्याशीं खेळतें कां. घराची मिळकत या दारांतून पोराच्या हातापायांपर्यंत पोंचते. कांहीं दारें पैशाशिवाय उघडतात, कांहीं उघडत नाहींत. आणि कोणतें दार कोणतें, हें न पाहतां आईला उपदेश करणारे फार झाले आहेत.

माझ्या वर्गांतलाच पुरावा घ्या. मळ्यांत वाढलेलें पोर लिंबावर वानरासारखें चढतें, वरंब्यावरून न पडतां पळतें, बैलाच्या शेपटाला धरून उभें राहतें. त्याच्या पायांना शाळेनें शिकवावें असें कांहीं उरलेलें नसतें. पण त्याच्या हातांत खडू दिला कीं मूठ आवळतो, कातरी पाहिलेली नसते, कागद दुमडतां येत नाहीं. बाजारपेठेंतलें सुखवस्तू पोर मोबाईलवर बोट भराभर सरकवितें, आणि दोन पायऱ्या उतरतांना आईचा पदर धरतें. एका पायावर उभें राहा म्हटलें तर भिंत शोधतें. आणि तिसरें पोर मालेगांवच्या मागवाल्या गल्लींतून येतें. त्याचे पायहि मागें, हातहि मागें.

त्या गल्लीविषयीं जरा सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण आमच्या खेड्यांतल्या लोकांना ती दिसत नाहीं. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबें येथें येऊन मोसम नदीच्या कांठीं वसलीं, हातमागाचे यंत्रमाग झाले, आणि आज अर्धें शहर त्या खडखडाटावर जगतें. मजुरी कापडाच्या मीटरवर, पाळी बारा तासांची, सुट्टी शुक्रवारची. दहा बाय बाराच्या खोलींत सहा सात माणसें. दारापुढें गटार, गटारीपलीकडे रिक्षा. पोराला मागाजवळ सोडतां येत नाहीं, तेथें पट्टा फिरतो. गटारीजवळ सोडतां येत नाहीं. म्हणून तें खाटेवर. आई घरांतच असते, पण ती कांड्या भरीत असते. आई घरांत, आणि तिचे हात कारखान्यांत! वर मोठ्या लोकांनीं म्हणावें, "या बायका घरींच तर असतात, पोराकडे लक्ष द्यायला काय होतें?" एक दिवस त्यांनीं कांड्या भरून दाखवाव्या, एक हात पोराला लावून.

आतां पोटाची गोष्ट. 2019 ते 2021 या काळांतल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या महाराष्ट्रांत पांच वर्षांखालचीं शेंकडा 35.2 मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं, आणि सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलांत शेंकडा 68.9 जणांचें रक्त कमी. त्याच्या आधींची पाहणी 2015-16 ची. तेव्हां हा दुसरा आंकडा 53.8 होता. म्हणजे राज्य श्रीमंत होत गेलें आणि पोरांचें रक्त पातळ होत गेलें. रक्त कमी असलेलें पोर मांडीवरून उतरत नाहीं, उतरलें तर लौकर दमतें, दमलें कीं परत मांडी शोधतें. आई म्हणते, "किती गुणी आहे, त्रास देत नाहीं." बायांनो, वर्षाचें पोर त्रास देत नसेल तर आनंद मानूं नका, दवाखान्यांत न्या. अवखळपणा हा त्या वयाचा व्यायाम आहे.

आणि हें रक्त पातळ करतें कोण? 8 डिसेंबर 2023 रोजीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात एका फटक्यांत बंद केली. मुंगसे बाजारांत त्या आठवड्यांत उभ्या असलेल्या बापांना विचारा काय झालें तें. बंदी उठली 2024 च्या मे महिन्यांत. मधले पांच महिने दिल्लीच्या हिशेबांत पांच महिनेच. पण दहा महिन्यांच्या बाळाच्या हिशेबांत तें त्याचें अर्धें आयुष्य. त्याची रांगण्याची, उभें राहण्याची, पहिलें पाऊल टाकण्याची वेळ त्या पांच महिन्यांत येऊन गेली. भाव पडला कीं पहिल्यांदा दूध बंद होतें, मग डाळ पातळ होते, मग आई आणखी एका टोळींत नांव घालते. शहरांतल्या ताटांतला कांदा स्वस्त ठेवण्यासाठीं आमच्या पोरांनीं उशिरा चालावें काय? साडेसाती बाजाराची असतांना तिची शांति पंचांगवाला कशी करणार?

जमैका बेटांतली एक हकीकत मी शिक्षकांच्या सभांत नेहमीं सांगतों. तेथें किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतलीं 129 खुजीं बाळें, वय नऊ महिने ते दोन वर्षें, यांच्यावर झालेला प्रयोग 1991 सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना दर आठवड्याला दुधाची पूड दिली. कांहींच्या घरीं दर आठवड्याला एक बाई जाई, तासभर आईबरोबर बसून पोराला खेळवी. खेळणीं डबे, झांकणें, चिंध्या यांचीं, घरींच केलेलीं. कांहींना दोन्हीं मिळालें, कांहींना कांहींच नाहीं. दुधानें पोरें सुधारलीं, खेळानेंहि सुधारलीं, आणि दोन्हीं मिळालेलीं सगळ्यांत अधिक सुधारलीं. तीं मुलें मोठीं झालीं. 2014 सालीं पाहिलें तों, लहानपणीं ज्यांच्या घरीं ती बाई खेळवायला जात होती त्यांची कमाई, जिच्या घरीं कोणी गेलें नाहीं त्या मुलांपेक्षां शेंकडा 25 नें जास्त होती. ती बाई डॉक्टरीण नव्हती, मोठी पदवीधर नव्हती. थोडें शिकवून तयार केलेली, आमच्या अंगणवाडीच्या ताईसारखीच बाई होती.

आमच्याकडे ही ताई आहेच कीं! अंगणवाडी हें नांवच या महाराष्ट्रांतलें. ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें काम मांडलें, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि आदिवासी पोरें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत नेऊं, असें त्यांनीं करून दाखविलें. तेथें खेळणीं शंखशिंपल्यांचीं, बियांचीं, पानांचीं. पुढें 2 ऑक्टोबर 1975 रोजीं सरकारनें बालविकासाची योजना काढली व तेंच नांव देशभर गेलें. नांव गेलें, जीव मागें राहिला. ताईच्या हातीं आज रजिस्टरें, मोबाईलमधलें रजिस्टर, वजनाचा कांटा, लसीची यादी. पोराबरोबर जमिनीवर बसायला तिला वेळ कोण देतो? 2023 च्या डिसेंबरांत याच ताया पोटासाठीं संपावर गेल्या होत्या. पोराच्या खाऊचा दर केंद्रानें 2017 सालीं ठरविला तो दिवसाला आठ रुपये. एका अंड्याची किंमत त्यांतून वजा करा आणि उरतें काय तें तुम्हींच मोजा.

1882 सालीं हंटर मंडळापुढें जोतीरावांनीं गाऱ्हाणें मांडलें होतें कीं सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर होतो. आज अंगणवाडीची गळकी खोली पाहून बाहेर पडावें, आणि तालुक्याच्या गांवीं इंग्रजी पाटीची रंगीत 'नर्सरी' पाहावी. जोतीराव जुने झाले असें मग म्हणवत नाहीं. त्या नर्सरींतहि शहाणपण आहे असें मात्र समजूं नका. तीन वर्षांच्या पोराला बाकावर बांधून त्याच्याकडून ए बी सी डी गिरवून घेतात. मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्माच्या वेळीं तीं बहुतेक कूर्चेचींच असतात, आणि एकेक करून पक्कीं व्हायला दहा बारा वर्षें जातात. त्या कोवळ्या मनगटाला आधीं माती, कणीक, दोरी, पाणी पाहिजे, पेन्सिल मागून. आमच्यांतले लोक कांदे विकून ती फी भरतात आणि घरचें अंगण सिमेंटनें लिंपून टाकतात, म्हणून हें लिहावें लागतें.

आमच्या लोकांचीं आणखीहि दोन चार पापें सांगतों. रागावूं नका, कारण त्यांत मी सामील आहें. जावळाला बोकड कापून गांवजेवण घालतांना कर्ज काढतां येतें, वाढदिवसाला चौकांत पोराचा चार हात फलक लावतां येतो. त्याच पोराला रोज एक अंडें देतांना महागाई आठवते. पोर रडलें कीं हातांत मोबाईल. मोबाईल पाहणारें पोर झोळींतल्या पोरासारखेंच असतें, फक्त झोका द्यायला बहीण लागत नाहीं. आणि ती चाकांची प्लॅस्टिकची गाडी, जींत पोराला मधोमध बसवितात! माझ्या मुलीसाठीं मींहि हौसेनें आणली होती. पगारदार माणूस, शेजारीं दिसली, आणली. तिच्यानें चालणें लौकर येत नाहीं, उलट पोर ओट्यावरून गाडीसकट कोसळतें. कॅनडा देशानें 2004 सालीं ती विकायलाच बंदी केली. आमच्या सुतारानें करून दिलेला तीन चाकांचा लांकडी पांगुळगाडा मात्र पोराला स्वतःच्या पायांवर उभें राहून ढकलावा लागतो. आजोबांच्या काळचा तो गाडा शहाणा, आणि माझी प्लॅस्टिकची गाडी अडाणी. सुतार गांवांत रिकामा बसला आहे. कुंभार पोळ्याचे बैल तेवढे करतो. पोरांचे गाडे, भोंवरे, मातीचीं भांडीं, धाटाच्या बैलगाड्या या आमच्याच घरच्या विद्या आहेत. एवढें सांभाळा कीं तीन वर्षांखालच्या पोराच्या हातीं चिंचोका, गुंडी, गोटी एकट्यानें देऊं नका, घशांत अडकते.

बापांनीं तर शरम धरावी. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांसाठीं झगडून 1890 सालीं रविवारची सुट्टी मिळविली. मालेगांवांत ती शुक्रवारीं मिळते. त्या दिवशीं चहाच्या टपरीवर जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा वेळ पोराला पालथें घालून त्याच्यापुढें वाटी सरकवीत बसा, अंगणांत उभ्या केलेल्या पोराला दोन पावलांवरून हांक मारा. पोराला खेळविणें हें बायकांचें काम, ही समजूत कोणत्या पोथींत लिहिली आहे? असेल तर ती पोथीहि त्या पंचांगाशेजारीं ठेवून द्या.

एवढें आपल्या घरचें. पण घरचें झालें म्हणून मालक व सरकार सुटत नाहींत. 1948 च्या कारखाना कायद्यांत पुढें लिहिलें गेलें कीं तीसांहून अधिक बायका कामाला असतील तेथें मुलांसाठीं पाळणाघर पाहिजे. मग माग लहान लहान शेडांत वांटले गेले आणि कांड्या घरोघर दिल्या गेल्या, तेथें कायदा पोंचणार कसा? 2005 च्या रोजगार हमी कायद्यांत होतें कीं कामावर सहा वर्षांखालचीं पांच पोरें असलीं तर त्यांना सांभाळायला त्यांतलीच एक बाई नेमावी व तिला मजुरी द्यावी. तुमच्यापैकीं कितीजणांनीं आपल्या बांधबंदिस्तीच्या कामावर ती बाई पाहिली? कांदे लावणीच्या टोळींतहि हें करतां येईल: वीस बायांत एकीनें पोरें सांभाळावीं व तिचा वांटा उक्त्यांतून सगळ्यांबरोबर द्यावा. आमच्या शिवारांत एका मुकादमीणबाईंनीं यंदा तसें केलें. शेतमालक कुरकुरला, पण कांदा वेळेवर लागला.

सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा हुकूम आहे कीं ज्या वस्तींत सहा वर्षांखालचीं चाळीस पोरें आहेत आणि अंगणवाडी नाहीं, त्या वस्तीनें मागणी करतांच तीन महिन्यांच्या आंत ती मिळाली पाहिजे. मळ्यांतल्या वस्त्या, वीटभट्टीवरचे पाल, मागवाल्या गल्ल्या यांनीं आपलीं पोरें मोजलीं आहेत काय? मागितल्याशिवाय आई वाढत नाहीं म्हणतात. सरकार तर सावत्र.

ज्या पोराचे हातपाय खरोखरच अधू आहेत त्याच्या आईबापांना मी येथें खोटी आशा दाखवीत नाहीं. दीड वर्षांचें होऊन चालत नाहीं, नऊ दहा महिन्यांचें होऊन बसत नाहीं, एकच हात वापरतें, अंग ताठ किंवा फार ढिलें लागतें, तर शांति, नवस, अंगारा यांत एकहि महिना न घालवितां पोराला सरकारी दवाखान्यांत न्या. 2013 सालापासून अंगणवाड्यांतल्या व शाळांतल्या मुलांच्या तपासणीची योजना आहे. पथक आलें तर पोर लपवूं नका. अशा पोरालाहि खेळ व माणूस पाहिजेच, इतरांपेक्षां अधिक.

तो आमचा पोरगा आतां पहिल्या रांगेंत बसतो. वर्गांत त्याला त्या नांवानें हांक मारायची नाहीं, असा नियम मीं केला आहे व तो मोडणाऱ्याला मैदानाला दोन फेऱ्या घालाव्या लागतात. पेन्सिल मीं सहा महिने काढून घेतली. माती मळायला दिली, शेंगा सोलायला दिल्या, दोरीला गांठी मारायला दिल्या. औषध चालूं आहे, आजीबाई रोज एक अंडें उकडून डब्यांत घालते. दिवाळीनंतर त्यानें 'ग' काढला. वांकडा आहे, पण 'ग' आहे. लगोरींत अजून पडतो.

ज्या वस्त्यांना अंगणवाडीच्या मागणीचा अर्ज करावयाचा असेल त्यांनीं सहा वर्षांखालच्या पोरांचीं नांवें, जन्मतारखा व आईबापांच्या सह्या अंगठे घेऊन रविवारीं सकाळीं शाळेंत यावें. कागद व शाई माझी.

आपला,
मालेगांव तालुक्यांतील एक शाळामास्तर